पडद्यावरचा ब्रदर आणि वॉर्डातला ब्रदर

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बहिणीच्या मुलाला बी.एस्सी. नर्सिंगला प्रवेश मिळतोय, मुलगा हुशार आहे, मनापासून जायला तयार होता. मग सुट्टीत घरच्यांनी मिळून एक इंग्रजी विनोदी सिनेमा पाहिला. त्यात नायक नर्स आहे एवढ्यावरून त्याची सिनेमाभर चेष्टा होते, आणि दुसऱ्या दिवसापासून पोरगा या विषयावर बोलेनासा झाला. सिनेमा-मालिकांत पुरुष नर्स असेच का दाखवतात, आणि त्याचा खऱ्या कामावर काही परिणाम होतो का, असं तुम्ही विचारलंय.

मी चोवीस वर्षं नर्स आहे. जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा केला, नोकरी सांभाळून पोस्ट बेसिक ही पदवी घेतली. आधी मेल सर्जिकल म्हणजे पुरुषांचा शस्त्रक्रिया वॉर्ड, मग कॅज्युअल्टी म्हणजे अपघात विभाग, आणि गेली चौदा वर्षं आयसीयू. परिणाम होतो, हे मी खात्रीने सांगतो. पण तो चेष्टेपेक्षा दुसऱ्याच एका गोष्टीने जास्त होतो. त्या गोष्टीकडे येतो, आधी तुमच्या सिनेमाबद्दल.

वर्णनावरून तो 'मीट द पेरेंट्स' असावा, २००० सालचा. बेन स्टिलरने केलेला नायक प्रेयसीच्या माहेरी पहिल्यांदा जातो. तिचे वडील सीआयए या अमेरिकन गुप्तचर संस्थेतून निवृत्त झालेले, ती भूमिका रॉबर्ट डी नीरोची. जावई होऊ पाहणारा मुलगा नर्स आहे हे कळल्यावर घरातल्यांच्या चेहऱ्यावर जे हसू येतं ते पुढे हटतच नाही. पुढचे दोन भाग २००४ आणि २०१० मध्ये आले. तिसऱ्यापर्यंत हाच माणूस रुग्णालयाच्या नर्सिंग विभागाचा प्रमुख झालेला असतो, पण लोकांच्या लक्षात राहिलाय तो पहिल्या भागातला.

त्या सिनेमातली एक जागा मात्र पुन्हा बघा. मुलगी त्याची बाजू घेते ती कशी? याने मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेत उत्तम गुण मिळवले होते, तरी आपणहून नर्सिंग निवडलं, असं ती सांगते. बापाला ते पटत नाही, तो शोध घेतो, आणि शेवटी ते खरं निघतं. मला चेष्टेपेक्षा ही बाजू घेणंच जास्त लागलं. हा माणूस कामात चांगला आहे, रोग्याला याच्यामुळे बरं वाटतं, हे कुणीच म्हणत नाही. हा डॉक्टर होऊ शकला असता, म्हणून याला माफ करा, असा तो बचाव आहे. अमेरिकेत २००९ साली सुरू झालेल्या 'हॉथॉर्न' या नर्सवरच्या मालिकेतही पुरुष नर्स आहे, आणि तो मेडिकलला प्रवेश न मिळालेला! आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न हाच आहे: 'एमबीबीएसला नंबर लागला नाही का?' मी मेडिकलचा अर्जही भरला नव्हता. माझे आजोबा दोन वर्षं अंथरुणाला खिळून होते. त्यांच्या पाठीवर जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी त्यांना कुशीवर वळवायला एक ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, शिकवून गेला होता. तो काय जाणतो ते मला जाणून घ्यायचं होतं.

या विषयावर अभ्यासही झालेले आहेत. डेव्हिड स्टॅनली यांनी २०१२ साली सिनेमातल्या पुरुष नर्सवर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्याच्या शीर्षकातला शब्द आहे 'सेल्युलॉइडवरचे सैतान'. १९०० पासून २००७ पर्यंतच्या हजारो सिनेमांची कथासूत्रं चाळून पुरुष नर्स महत्त्वाच्या भूमिकेत असलेले सिनेमे त्यांना सापडले अवघे १३. त्यांतले बहुतेक नर्स बायकी, समलिंगी, खुनी, भ्रष्ट नाहीतर कामात कच्चे असे रंगवलेले. (समलिंगी असणं हा कमीपणा आहे असं मला इथे अजिबात म्हणायचं नाही. माझ्यासोबत काम केलेल्यांत असे लोक आहेत आणि मी आजारी पडलो तर त्यांच्याच हाती मला सोपवा असं मी घरी सांगून ठेवलंय. आक्षेप आहे तो त्यावर हशा पिकवण्याला.) २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी पाच अमेरिकन मालिका तपासल्या. त्यांचा निष्कर्ष मला फार नेमका वाटतो. या मालिका तोंडाने म्हणतात की पुरुष नर्स असण्यात वावगं काही नाही, पण कथेत त्याला जागा देतात ती विनोदापुरती. बोलणं एक, दाखवणं दुसरं.

आता आपल्याकडे या. हिंदी आणि मराठी सिनेमात पुरुष नर्सची चेष्टासुद्धा क्वचितच होते, कारण तो तिथे नसतोच. वहिदा रहमान यांनी १९६९ च्या 'खामोशी'त नर्स राधा उभी केली. तिच्या तोडीचा एखादा पुरुष नर्स हिंदीत कुठे आहे, मी शोधून थकलो. आपल्या पडद्यावर रुग्णालयात पुरुष दोनच प्रकारचे: एक डॉक्टर, दुसरा वॉर्डबॉय. आणि तिसरा एक आहे, तो तुम्हीही शंभर वेळा पाहिला असेल. मध्यरात्र, कॉरिडॉर रिकामा, पांढरा डगला घातलेला आणि तोंडावर मास्क लावलेला एक माणूस ट्रे घेऊन येतो, साक्षीदार असलेल्या रोग्याची ऑक्सिजनची नळी काढतो नाहीतर सलाईनमध्ये विष सोडतो. डॉक्टर नसलेला, मास्कच्या आडचा पुरुष म्हणजे मारायला आलेला माणूस, हे आपण लहानपणापासून बघत आलोय. खऱ्या आयसीयूत ऑक्सिजन निघाला की थोड्या वेळात मॉनिटरवरचा आकडा पडू लागतो, अलार्म वाजतो आणि पहिला धावतो तो नर्स. रात्री तीन वाजता मास्क लावून त्या कॉटपाशी उभा असलेला पुरुष बहुतेक वेळा तो असतो. त्याचं चित्र मात्र आपल्या कुठल्याच कथेत नाही.

भाषेतही त्याला जागा नाही. आपल्या रुग्णालयांत आया म्हणजे मावशी, वॉर्डबॉय म्हणजे मामा, नर्स म्हणजे सिस्टर. पुरुष नर्सला आम्ही आपापसांत ब्रदर म्हणतो, पण वॉर्डाबाहेर हा शब्द कुणाला माहीत नसतो. नर्स हा शब्दच मराठीत स्त्रीलिंगी: नर्स आली, नर्स म्हणाली. पुरुषासाठी मागे 'मेल' लावावं लागतं. सरकारी कागदावर पद असतं अधिपरिचारिका, वरच्या पदावर परिसेविका, त्याहून वर अधिसेविका. परिचारक हा शब्द कोशात आहे, तोंडात नाही. खरं तर चरकसंहितेत उपचाराचे चार पाय सांगितलेत, वैद्य, औषध, उपस्थाता म्हणजे शुश्रूषा करणारा, आणि रोगी, आणि तो उपस्थाता पुल्लिंगी आहे. त्याचे गुणही चारच सांगितलेत: उपचाराची जाण, दक्षता, रोग्याविषयी माया आणि स्वच्छता. 'हे बायकांचं काम' म्हणणाऱ्या नातेवाइकांना मी हे सांगतो. युरोपात एकोणिसाव्या शतकात नर्सिंगचं रीतसर शिक्षण सुरू झालं ते स्त्रियांसाठी, आणि तोच साचा आपल्याकडे आला. ब्रिटनमध्ये १९१९ च्या कायद्याने नर्सची नोंदणी सुरू झाली तेव्हा पुरुषांची वही वेगळी ठेवली होती, ती १९४९ पर्यंत वेगळीच राहिली. अमेरिकेच्या सैन्याने नर्स म्हणून पुरुषाला अधिकारपद दिलं ते १९५५ मध्ये.

या जागा नसण्याचा रोजच्या कामात काय अर्थ होतो ते सांगतो. मी एका रोग्याचं नॉरअ‍ॅड वाढवत असतो. ते रक्तदाब टिकवायचं औषध, सिरिंज पंपातून थेंबाथेंबाने जातं, सिरिंज बदलताना अर्धा मिनिट खंड पडला तरी दाब कोसळू शकतो. तेवढ्यात पलीकडच्या कॉटचे नातेवाईक हाक मारतात, 'ओ मामा, जरा बेडपॅन द्या.' बेडपॅन देण्यात मला कमीपणा नाही, रोज देतो. मामांचं काम हलकं आहे असंही नाही, ते नसतील तर वॉर्ड एक दिवस चालणार नाही. अडचण वेगळीच आहे. ज्याला ते मामा समजतात त्याला ते हे सांगत नाहीत की बाबांना पहाटेपासून उजव्या हाताने पेला धरता येत नाहीये. ते डॉक्टरांची वाट बघत बसतात. राउंड येतो अकराला. पक्षाघातात औषध द्यायची वेळ साडेचार तासांत निघून जाते. तेच नातेवाईक दुसऱ्या दिवशी मला डॉक्टर समजून ऑपरेशन करायचं की नाही हे विचारतात. दोन्ही वेळा मी कोण आहे हे त्यांना माहीत नसतं, आणि दोन्ही वेळा तोटा रोग्याचा होतो.

सर्जिकलला असतानाची एक रात्र सांगतो. चाळीसच्या वर रोगी, ड्यूटीवर आम्ही तिघं, दोन सिस्टर आणि मी. एका आजोबांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन त्याच सकाळी झालेलं. अशा रोग्याला तीन वाटांचा कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, असतो. एका वाटेने सलाईन आत जातं, दुसरीने रक्तमिश्रित लघवी बाहेर येते, तिसरी आतल्या फुग्याची. बाहेर येणारा रंग कोकम सरबतासारखा फिका असला की बरं. दोनच्या सुमारास मी फेरीला गेलो तर आजोबा भिंतीकडे तोंड करून, दात आवळून पडलेले. युरोबॅग, म्हणजे लघवीची पिशवी, जवळजवळ रिकामी, आणि वरून सलाईन मात्र धो धो चाललेलं. पोटावर हात ठेवला तर बेंबीपर्यंत टणक. आत गुठळी अडकली होती. आधी आत जाणारं सलाईन बंद केलं. मग पन्नास मिलिलिटरची सिरिंज लावून सलाईन हळूच आत ढकललं आणि मागे खेचलं. पहिल्या दोन वेळा काहीच नाही, तिसऱ्या खेपेला जांभळासारख्या काळ्या गुठळ्या आल्या आणि मग धार लागली. आजोबांनी माझं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं ते तेव्हा सोडलं. 'एवढं दुखत होतं तर हाक का नाही मारली?' म्हटलं. ते म्हणाले, 'पोरीबाळी आहेत हो त्या. त्यांना कसं सांगायचं?' बाराच्या फेरीला सिस्टरने त्यांना नीट विचारलं होतं. ते 'बरं आहे' म्हणाले होते. तिची यात काहीच चूक नव्हती.

अशी शेकडो माणसं आहेत. अंडाशयाच्या गाठीबद्दल बाई पुरुषाला सांगत नाही, तसंच लघवीच्या, हायड्रोसीलच्या, गुप्तरोगाच्या तक्रारी पुरुष बाईला सांगत नाही. गावाकडचा तर नाहीच नाही. वॉर्डात दोघंही हवेत ते यासाठी. या दृश्यात ताण आहे, माणूस आहे, कौशल्य आहे. कुठल्याही लेखकाला पाच मिनिटांचा चांगला प्रसंग मिळेल. पण तो लिहायला असा माणूस अस्तित्वात आहे हे आधी माहीत असावं लागतं.

संशयाच्या चित्राबद्दलही बोलायला हवं, कारण तुमच्या भाच्याला त्याच्याशी सामना करावा लागेल. पेद्रो अल्मोदोवार या स्पॅनिश दिग्दर्शकाचा २००२ चा 'टॉक टू हर' कलाकृती म्हणून नावाजला गेला. त्यातला नर्स कोमातल्या तरुणीची वर्षानुवर्षं मायेने शुश्रूषा करतो आणि शेवटी तिच्यावर बलात्कार करतो. २०२२ च्या 'द गुड नर्स'मध्ये चार्ल्स कलन या खऱ्या माणसाची हकिकत आहे. अमेरिकेत सोळा वर्षं नर्स म्हणून काम करताना त्याने रोग्यांना औषधं टोचून मारलं, आणि २९ खुनांची कबुली न्यायालयात दिली. हा दुसरा सिनेमा मला प्रामाणिक वाटतो. एकामागून एक रुग्णालयांनी त्याला गुपचूप काढून टाकलं आणि पुढच्या रुग्णालयाला सावध केलं नाही, हे तो दाखवतो. त्याला पकडून देणारी एमी लॉरेन हीही नर्सच होती, हेही दाखवतो.

ही भीती हसण्यावारी नेऊ नये असं मी नव्या मुलांना बजावतो. मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९७३ साली अरुणा शानबाग या परिचारिकेवर तिथल्याच एका सफाई कामगाराने हल्ला केला, आणि पुढे त्यांच्या सहकारी परिचारिकांनी ४२ वर्षं त्यांची शुश्रूषा केली. महाराष्ट्रातल्या कुठल्याही सिस्टरला हे नाव सांगावं लागत नाही. त्यामुळे फीमेल वॉर्डात आमची पद्धत ठरलेली असते. पडद्याबाहेरून आवाज द्यायचा, नाव आणि काम सांगायचं, काय करणार आहे ते सांगायचं, होकार मिळाल्याशिवाय हात लावायचा नाही. अंग उघडं करावं लागणार असेल तर सोबत सिस्टर किंवा घरची बाई हवीच. लागेल तेवढाच भाग उघडा, बाकीवर चादर. ईसीजी काढायचा असला तरी हेच. रोगी नको म्हणाली तर वाईट न वाटून घेता सिस्टरला बोलवायचं. यात अपमान काहीच नाही, ही कामाची रीत आहे. डॉक्टरांनाही हीच रीत लागू आहे, पण पुरुष डॉक्टरने पोट तपासलं तर कुणाच्या मनात येत नाही आणि पुरुष नर्सने नाडी धरली तरी येतं. हा फरक आला कुठून, याचं उत्तर मला पुन्हा त्या मास्कवाल्या माणसापाशी सापडतं.

नोकरीतही याचं प्रतिबिंब पडतं, ते मुलाला आधीच माहीत असू दे. दिल्लीच्या एम्समध्ये आणि देशातल्या इतर एम्समध्ये नर्सिंग ऑफिसरच्या भरतीत ८० टक्के जागा स्त्रियांना आणि २० टक्के पुरुषांना असं धोरण २०१९ मध्ये ठरलं, आणि डिसेंबर २०२० मध्ये एम्सच्या नर्सेस युनियनने संप केला तेव्हा ते रद्द करा ही एक मागणी होती. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये १९४३ च्या अध्यादेशापासून अधिकारी म्हणून फक्त स्त्रियांनाच घेत आले. उलट २०२३ मध्ये छत्तीसगड उच्च न्यायालयाने नर्सिंग कॉलेजातली अध्यापकांची पदं फक्त स्त्रियांसाठी ठेवणारा नियम घटनाबाह्य ठरवला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात अशीच एक केस १९८२ मध्ये निकाली निघाली. जो होगन नावाच्या माणसाला मिसिसिपीतल्या महिला विद्यापीठाने नर्सिंगला प्रवेश नाकारला होता. निकाल लिहिला सॅन्ड्रा डे ओ'कॉनर यांनी, त्या न्यायालयातल्या पहिल्या स्त्री न्यायमूर्तींनी. नर्सिंग हे बायकांचंच काम, हा समज अशा नियमाने पक्का होतो, असं त्यांनी म्हटलं, आणि पुरुषांना दूर ठेवल्याने नर्सचे पगार दबून राहिले या नर्सेसच्या संघटनेच्या मताचीही दखल घेतली.

हा पगाराचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. परिचारिकेला 'सेवेची मूर्ती' म्हणून १२ मेला, परिचारिका दिनी, गुलाबाचं फूल द्यायचं आणि पगाराचं नाव काढलं की सेवाभावाची आठवण करून द्यायची, हे एकाच चित्राचे दोन भाग आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये खासगी रुग्णालयांत नर्सला किमान २०,००० रुपये मिळावेत अशी शिफारस केली. आजही कित्येक नर्सिंग होममध्ये त्याहून कमी पैशांत मुलंमुली बारा-बारा तास उभी असतात. पडद्यावरच्या बाईची मायाळू देवी होते आणि पुरुषाचा विदूषक. कुशल कामगार म्हणून दोघांनाही कुणी दाखवत नाही.

पण आपली तक्रार मोजून करावी असं माझं मत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या अहवालानुसार जगातल्या नर्सपैकी सुमारे ९० टक्के स्त्रिया आहेत. क्रिस्टीन विल्यम्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ स्त्रीने १९९२ मध्ये दाखवलं की अशा व्यवसायांत आलेल्या थोड्या पुरुषांना बढती उलट लवकर मिळते. मीही हे पाहिलंय. सिस्टर नोकरीत बावीस वर्षं जुनी आणि मी सहा वर्षं, तरी बैठकीत साहेब माझ्याकडे बघून बोलायचे. तेव्हा मी त्यांना 'सिस्टरांना विचारा, वॉर्ड त्या चालवतात' असं सांगायला लागलो. आयसीयूतलं अर्धं काम मला बायकांनी शिकवलंय.

चांगली चित्रंही आहेत, ती मुलाला जरूर दाखवा. बीबीसीची 'कॅज्युअल्टी' ही मालिका १९८६ मध्ये सुरू झाली. तिच्यातला चार्ली फेअरहेड हा पुरुष नर्स, डेरेक थॉम्पसन या नटाने पहिल्या भागापासून २०२४ पर्यंत केला. चार्ली पुरुष असून नर्स का, हा मालिकेचा विषयच नसतो. तो विभागाचा अनुभवी माणूस आहे, डॉक्टरही त्याचा सल्ला घेतात, एवढंच. ब्रिटनमध्ये दोन पिढ्या त्याला बघत वाढल्या. मल्याळममध्ये २०१७ चा 'टेक ऑफ' आहे, इराकमधल्या तिक्रितमध्ये २०१४ साली अडकलेल्या भारतीय नर्सच्या सुटकेवर आधारलेला. त्यात कुंचाको बोबनने केलेला शहीद स्वतः नर्स आहे, आणि त्याबद्दल कुणी त्याला स्पष्टीकरण विचारत नाही. केरळात जवळजवळ प्रत्येक गल्लीत नर्सचं घर आहे, प्रेक्षकाला ते माणूस म्हणून ओळखीचे आहेत. आपल्या लेखकांच्या ओळखीचे नाहीत.

पण माझा सगळ्यात आवडता म्हणजे १९९९ च्या 'मॅग्नोलिया'मधला फिल. फिलिप सीमोर हॉफमनने केलाय. एक श्रीमंत म्हातारा घरी शेवटचे दिवस मोजतोय, फिल त्याचा नर्स. म्हाताऱ्याला दुरावलेल्या मुलाला एकदा बघायचंय. फिल फोनवर फोन करतो, होल्डवर थांबतो, अनोळखी माणसाला विनवतो की हे खोटं नाही, हा माणूस खरंच जातोय. हॉफमन फोन कानाला लावून थांबलेला असतो तेव्हा त्याची नजर सारखी कॉटकडे जाते. ते नर्सचं बघणं आहे: श्वासाची लय, जबड्याची हालचाल, कपाळावरची आठी. पुढे मॉर्फीनचे थेंब तोंडात सोडताना तो रडतो, आणि हात थरथरू देत नाही. आमच्या विद्यार्थ्यांना मी हा भाग दाखवतो आणि आवाज बंद करून पुन्हा दाखवतो. दरवेळी एखादा मुलगा म्हणतो, 'सर, हे काम असं दिसतं हे माहीतच नव्हतं.'

मग इतर जण असं का लिहीत नाहीत? माझ्या मते लेखक माहिती घ्यायला डॉक्टरकडे जातो, नर्सकडे जात नाही. 'हाउस' ही मालिका २००४ ते २०१२ चालली. तिच्यात औषध देणं, रक्त घेणं, रोग्यापाशी बसणं, सगळं डॉक्टरच करतात. आपल्या सिनेमातही तेच: हिरो डॉक्टर असला की स्वतः सलाईन लावतो आणि रात्रभर उशाशी बसतो. म्हणजे नर्सचं काम पडद्यावर भरपूर आहे, फक्त ते नर्सच्या हातून काढून घेतलंय. मग नर्सकडे उरतं काय, तर ट्रे घेऊन 'डॉक्टर, लवकर चला' म्हणणं. बाई असेल तर निदान नायकाची प्रेयसी तरी होते, पुरुषाला तेवढंही काम उरत नाही, म्हणून विनोद. एखाद्याने खरं काम सांगितलं की चित्र किती पटकन बदलतं ते एप्रिल २०२० मध्ये दिसलं. ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन करोनातून बरे होऊन आले आणि त्यांनी दोन नर्सची नावं घेतली, न्यूझीलंडची जेनी आणि पोर्तुगालचा लुईस. परिस्थिती कुठल्याही बाजूला जाऊ शकत होती तेव्हा हे दोघे ४८ तास माझ्या उशाशी होते, क्षणाक्षणाला बघत होते आणि लागेल ते करत होते, म्हणून माझ्या शरीराला पुरेसा ऑक्सिजन मिळू लागला, असं ते म्हणाले. आयसीयू नर्सच्या कामाचं याहून अचूक वर्णन मी नेत्याच्या तोंडून ऐकलेलं नाही. त्या आठवड्यात आमच्या वॉर्डात पीपीई किटच्या पाठीवर आम्ही मार्करने नाव आणि खाली 'नर्स' लिहायला लागलो, कारण आत कोण कोण ते कळायचंच नाही. रोगी पहिल्यांदाच नावाने हाक मारायला लागले. ती सवय मी सोडलेली नाही. आजही मी कॉटपाशी गेलो की नाव सांगतो आणि म्हणतो, 'मी नर्स आहे, सकाळी आठपर्यंत तुमच्याकडे मी बघणार.' कुणी डॉक्टर म्हटलं तरी दुरुस्त करतो, मामा म्हटलं तरी करतो.

मुलाला एवढंच सांगा की सिनेमावरून ठरवू नकोस आणि माझ्या या उत्तरावरूनही ठरवू नकोस. ओळखीच्या एखाद्या ब्रदरला भेट आणि त्याच्या ड्यूटीबद्दल तासभर विचार: आज काय पाहिलंस, कुणाचं काय बिघडलं, ते तुला आधी कशावरून कळलं. त्या गोष्टी ऐकताना पुढे काय झालं हे विचारावंसं वाटलं तर ये. घाण, रक्त, शिव्या आणि मरण हे चारही आठवड्याभरात भेटतील. रात्रपाळीने पोट बिघडेल आणि सणाला घरी नसशील. हे सगळं त्याला खरंखुरं सांगा, लपवू नका.

कॉलेज निवडताना इंडियन नर्सिंग कौन्सिलची आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता बघाच, पण त्याहून बारकाईने हे बघा की कॉलेजचं स्वतःचं रुग्णालय आहे का आणि त्यात रोगी खरोखर भरती असतात का. चार वर्षांत हात कॉटपाशीच बसतो. मुलांना फीमेल वॉर्ड, लेबर रूम आणि बालरोग विभागात पूर्ण पोस्टिंग देतात का, की मेल वॉर्डातच फिरवत ठेवतात, हे तिथल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना विचारा. आणि मुलांच्या वसतिगृहाची चौकशी प्रवेशाआधी करा. काही ठिकाणी ते फक्त मुलींसाठी असतं, मुलांना बाहेर खोली घ्यावी लागते, आणि सकाळच्या ड्यूटीला साडेसातला गणवेशात हजर राहायचं असतं.